नाणेघाट : एका वाटेचा इतिहास

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम राजे उभे राहतात, त्यांच्यामागें लढाया आणि तह येतात, आणि या सर्वांस जागा देऊन कांहीं पानें उरलींच तर त्यांत शेती, व्यापार, पाणी आणि रस्ते यांचा परामर्श घेतला जातो. आमच्या विद्यार्थिदशेंत हा क्रम होता आणि पुढें अध्यापनाच्या काळांतही तो आम्हांस फारसा बदललेला दिसला नाहीं. परंतु ज्या वाटेनें धान्य, कापड आणि मीठ गेलें, आणि त्यांच्या मागोमाग राजाची सत्ता गेली, त्या वाटेचा विचार केल्यावांचून राज्याचा विचार पुरा होत नाहीं. महाराष्ट्राच्या भूमींत ज्या पहिल्या मोठ्या राजघराण्यानें आपली सत्ता रोविली त्या सातवाहनांच्या बाबतींत तर हें विशेषच खरें आहे. कारण त्यांनीं आपल्या कुळाची ओळख, आपल्या यज्ञांची यादी आणि आपल्या दानांचा हिशेब एका डोंगरी वाटेवर कोरून ठेविला. ती वाट म्हणजे जुन्नरच्या पश्चिमेस सह्याद्रीचा कडा भेदून कोंकणांत उतरणारा नाणेघाट होय.

नाणेघाटाविषयीं मराठींत व इंग्रजींत पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांतील बहुतेक लेखन शिलालेखाविषयीं आहे. घाट हें केवळ शिलालेखाचें ठिकाण म्हणून उल्लेखिलेलें असतें. आम्हांस येथें उलट बाजूनें विचार करावयाचा आहे. ही वाट येथेंच कां झाली, ती इतकी खडी असतां लोकांनीं तीच कां पत्करली, आणि ती वाट हातची गेल्यावर काय झालें, हें पाहिलें म्हणजे तो शिलालेखही अधिक उमगतो, असें आमचें मत आहे.

प्रथम भूगोल. कोंकणपट्टी व देश यांच्यामध्यें सह्याद्रि एखाद्या तटासारखा उभा आहे. देशाकडून त्याची चढण जाणवतही नाहीं इतकी सावकाश आहे. कोंकणाच्या बाजूस मात्र तो एकदम तुटलेला आहे. या तटाच्या एका बाजूस सोपारा आणि कल्याण हीं प्राचीन बंदरें, आणि दुसऱ्या बाजूस जुन्नर, नेवासें व पैठण हीं नगरें. दोहोंस एकमेकांची गरज होती. देशावर कापूस, धान्य आणि रत्नांचे खडे. कोंकणांत मीठ, नारळ आणि समुद्रपार देशांतून आलेला माल. तेव्हां तट कोठें तरी ओलांडणें प्राप्तच होतें. कल्याणहून पूर्वेस मुरबाडच्या बाजूनें सरळ चालत गेलें असतां जेथें कड्याला एक अरुंद खिंड पडलेली आहे तेथें नाणेघाट आहे. आणि खिंडींतून वर आलें कीं पठारावरून जुन्नर सुमारें ३० किलोमीटरांवर राहतें. नकाशावर कल्याण आणि जुन्नर या दोन बिंदूंना जोडणारी रेघ ओढावी तर ती या खिंडीच्या जवळूनच जाईल. वाट खडी झाली ती जवळची असल्यामुळें.

ही वाट आजही पायांखालीं घालतां येते. कल्याणहून माळशेजकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर वैशाखरे नांवाचें गांव आहे. त्याच्या पुढें रस्ता सोडून रानांत शिरावें लागतें. आरंभीं ओढ्यांचे गोटे आणि बैलगाडीच्या चाकोऱ्या यांनीं भरलेला ओबडधोबड रस्ता आहे. पावसाळ्यांत त्याचा चिखल होतो आणि उन्हाळ्यांत फुफाटा. पुढें झाडी दाट होते आणि चढण सुरू होते. चढण एकंदरींत दोन-तीन तासांची. चालणारा सराईत असेल तर त्याहूनही कमी. पहिला भाग रानांतून वळसे घेत जातो. शेवटचा भाग मात्र सरळ खिंडीच्या तोंडांत शिरतो, आणि तेथें कातळांत खोदलेल्या व दगड रचून केलेल्या पायऱ्या लागतात. डोक्यावर नाण्याचा अंगठा म्हणून ओळखला जाणारा कड्याचा सुळका पुढें आलेला दिसतो; दक्षिणेस जीवधन किल्ल्याचा कातळ आणि त्याला लागून वानरलिंगीचा सुळका उभा असतो. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून आठशें मीटरांच्या आसपास आहे. सह्याद्रींत याहून उंच जागा पुष्कळ आहेत. परंतु येथें उंची थोड्या अंतरांत चढावी लागते, आणि त्यामुळें चालणाऱ्यास प्रत्येक पावलाचा हिशेब द्यावा लागतो.

आम्ही ही वाट खालून चढून गेलों तेव्हां दोन गोष्टी ध्यानांत आल्या, ज्या पुस्तकांत वाचून कधीं ध्यानांत आल्या नव्हत्या. पहिली ही कीं, पायऱ्यांची उंची सारखी नाहीं, परंतु त्या बहुशः रुंद आहेत. ओझ्याचा बैल किंवा गाढव पाय टेकून क्षणभर थांबूं शकेल, असा त्यांचा घाट आहे. येथें गाडी कधीं चालली नसावी; जो माल गेला तो बैलाच्या पाठीवरून किंवा माणसाच्या डोईवरून गेला. दुसरी गोष्ट ही कीं, ज्या ठिकाणीं धाप लागून माणूस आपण होऊन थांबतो, माथा अगदीं जवळ आला असतां पाय पुढें टाकवत नाहीं, नेमकें त्याच ठिकाणीं वाटेच्या कडेला लेणें खोदलेलें आहे. आंत सावली आहे, तिन्ही बाजूंस बसावयास ओटे आहेत, बाहेर पाण्याचीं टाकीं आहेत. ही जागा कोणी तरी चालणाऱ्याच्या दमाचा विचार करून निवडली आहे. आणि याच खोलीच्या भिंतींवर सातवाहनांचा लेख आहे.

या लेखाकडे आधुनिक विद्वानांचें लक्ष प्रथम गेलें तें १८२८ सालीं. विल्यम साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यास तो डोंगरांतून हिंडत असतां दिसला. परंतु त्या वेळीं ब्राह्मी लिपि वाचतां येणारा एकही मनुष्य जगांत नव्हता. जेम्स प्रिन्सेप यानें ती उलगडली ती १८३७ सालीं. म्हणजे नऊ वर्षें हा लेख सांपडूनही मुकाच राहिला. पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं घाटांत जाऊन त्याचा, आणि विशेषतः त्यांतील अंकांचा, अभ्यास केला. आणि १८८३ सालीं जर्मन पंडित ब्यूलर यानें त्याचा पाठ व भाषांतर प्रसिद्ध केलें. आज आपण जें जाणतों तें मुख्यतः या दोघांच्या श्रमांचें फळ आहे.

लेख प्राकृत भाषेंत असून डाव्या व उजव्या भिंतींवर मिळून वीस ओळींचा आहे. त्याचा काळ कोणी इ. स. पूर्वीच्या दुसऱ्या शतकांत नेतात, तर बहुतेक विद्वान् पहिल्या शतकांत आणतात. आरंभीं धर्म, इंद्र, संकर्षण आणि वासुदेव, चंद्र आणि सूर्य, तसेच चार लोकपाल यांना वंदन आहे. त्यानंतर एका राणीचें वर्णन येतें. ती महारठी कुळांतील कन्या, राजा सातकर्णीची पत्नी, कुमार वेदिसिरीची माता. महिना महिना उपवास करणारी आणि घरांत राहूनही तापसीचें जीवन जगणारी. या वर्णनावरून ती त्या वेळीं विधवा असावी व पुत्राच्या नांवानें राज्याचा कारभार पाहत असावी, असें अनुमान विद्वानांनीं केलें आहे. तिचें नांव नागनिका. मागच्या भिंतीवर एके काळीं या कुळांतील व्यक्तींच्या प्रतिमा कोरलेल्या होत्या. प्रतिमा नष्ट झाल्या, कांहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या राहिल्या. परंतु वरचीं नांवें वाचतां येतात. सिमुक सातवाहन, देवी नागनिका आणि राजा सातकर्णि, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. राजकुळांतील माणसांच्या नांवांनिशीं कोरलेल्या प्रतिमांचें इतकें जुनें उदाहरण आपल्या देशांत क्वचितच आढळेल. आणि त्यांत राजाच्या पूर्वजाबरोबर राणीच्या माहेरचा पुरुषही बसविलेला आहे, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

लेखाचा मोठा भाग यज्ञांनीं आणि दक्षिणेनें व्यापिला आहे. अश्वमेध, राजसूय, अग्न्याधेय, गवामयन, आप्तोर्याम अशीं एकामागून एक नांवें येतात, आणि प्रत्येकाच्या मागें काय दिलें तें आंकड्यांनीं सांगितलेलें आहे. एके ठिकाणीं १,७०० गाई आणि १० हत्ती. दुसऱ्या ठिकाणीं ११,००० गाई आणि १,००० घोडे. अन्यत्र एक उत्तम गांव आणि २४,४०० कार्षापण. यज्ञ पाहावयास जमलेल्यांना वांटण्यासाठीं आणखी ६,००१. या संख्या अंकांत लिहिलेल्या आहेत. हे अंक भारतांतील अतिशय जुन्या अंकलेखनापैकीं होत. त्यांत शून्य नाहीं आणि स्थानमूल्यही नाहीं. दहा, वीस, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हें आहेत, आणि हजाराच्या चिन्हाला वीसाचें चिन्ह जोडून वीस हजार लिहिलेले आहेत. गणिताच्या इतिहासकारांना ही भिंत प्रिय आहे ती याचमुळें.

आतां प्रश्न असा कीं, हा सर्व वैभवाचा हिशेब येथें कां कोरला? यज्ञ घाटांत झाले असण्याचा संभव नाहीं. राजधानी पैठणास, तेथें दगडाची वाण असेल असें कोणी म्हणेल, तर जुन्नरच्या भोंवतालचे डोंगर लेणीं खोदण्यास सर्वथा योग्य होते, आणि पुढें तेथें लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी मिळून दोनशेंहून अधिक लेणीं खोदलीं गेलीं. तरीही राणीनें खिंडींतील ही लहानशी खोली निवडली. याचें उत्तर आम्हांस वाटतें तें असें. जुन्नरच्या लेण्यांत भिक्षु राहत आणि भक्त येत. घाटांत सर्वच येत. कोंकणांतून येणारा व्यापारी, बंदरावर उतरलेला परदेशीय, बैल हांकणारा, हमाल, सैनिक, कोणत्याही पंथाचा आणि कोणत्याही भाषेचा, ज्यास देशांत शिरावयाचें आहे तो येथें येणार, आणि येथें येऊन दमून बसणार. ज्याला वाचतां येतें तो वाचील. ज्याला येत नाहीं तो प्रतिमा पाहील आणि वाचणाऱ्यास विचारील. आपण कोणाच्या राज्यांत पाऊल टाकीत आहों हें त्याला राज्याच्या उंबरठ्यावरच कळावें, अशी ही योजना आहे. पतीमागें राज्य सांभाळणाऱ्या राणीला अशा घोषणेची गरज अधिक होती, हें सांगावयास नको.

माथ्यावर खिंड ओलांडली कीं एक भला मोठा दगडी रांजण दिसतो. यांत जकातीचीं नाणीं टाकीत, आणि त्यावरूनच घाटास नाणेघाट हें नांव पडलें, असें सर्वत्र सांगतात. दुसरी एक लोककथा नाना आणि गुणा या दोन भावांची आहे. दोघांनीं घाट बांधण्याची पैज लावली आणि नानाचा घाट आधीं पुरा झाला, असें ती सांगते. या कथांचा आम्ही उपहास करूं इच्छीत नाहीं. मात्र इतकें नमूद केलें पाहिजे कीं, शिल्लक राहिलेल्या लेखांत जकातीचा उल्लेख नाहीं. खिंड इतकी अरुंद आहे कीं येथें जकात घेणें अतिशय सोयीचें होतें, आणि कोणतेंही शहाणें राज्य ती सोय सोडणार नाहीं. एवढ्यापुरतें जकातीचें अनुमान सबळ आहे. रांजण हा त्याचा पुरावा मानावा कीं नाहीं, हा वेगळा प्रश्न आहे. ज्या वाटेवर जागोजागीं पाण्याचीं टाकीं खोदलेलीं आहेत त्या वाटेवरचा रांजण पाण्याचाही असूं शकेल, ही शंका आमच्या मनांतून जात नाहीं.

आणि टाक्यांकडे आलों म्हणजे या घाटाचा दुसरा, कमी वाचला जाणारा, अध्याय उघडतो. राणीच्या लेखापुढें इतर लेख फारच लहान आहेत. एका टाक्यावरचा लेख सांगतो कीं, सोपाऱ्याच्या गोविंददासानें ही पोढी दान दिली. पोढी म्हणजे पाण्याचें टाकें. दुसरा लेख वासिष्ठीपुत्र सातकर्णि या राजाच्या तेराव्या वर्षींचा. त्यांत दामघोष नांवाच्या गृहस्थानें असेंच टाकें दिल्याची नोंद आहे. गोविंददास हा सोपाऱ्याचा, म्हणजे या वाटेच्या समुद्राकडील टोंकाचा. त्यानें टाकें आपल्या गांवीं खोदविलें नाहीं. ज्या ठिकाणीं चालणाऱ्याच्या घशाला कोरड पडते त्या ठिकाणीं खोदविलें. त्यानें ही चढण स्वतः चढली असल्यावांचून ही जागा सुचणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

राणीनें दिलेल्या गाई, घोडे आणि हत्ती यांचा आज मागमूस नाहीं. ज्यांनीं ते घेतले त्यांचीं नांवें लेखांत उरलेलीं नाहींत. गोविंददासाचें टाकें अजून आहे. आम्ही हें राणीस उणेपणा आणण्यासाठीं म्हणत नाहीं. तिच्या लेखावांचून सातवाहनांच्या आरंभकाळाचा इतिहास आपणांस मिळालाच नसता. परंतु वाट राजाज्ञेनें जशी चालते तशीच ती अशा लहान दात्यांच्या पाण्यावर चालते, आणि दोन्ही प्रकारचे लेख एकाच कातळावर असतां आपल्या पुस्तकांत एकच प्रकार यावा, ही आपल्या इतिहासलेखनाची उणीव आहे.

ही जवळची खडी वाट राज्याला किती मोलाची होती, हें ती अडविली गेल्यावर काय झालें त्यावरून कळतें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत एका ग्रीक भाषिक खलाशानें लिहिलेलें तांबड्या समुद्राचें प्रवासवर्णन आपणांस उपलब्ध आहे. पेरिप्लस या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्यांत कल्याणविषयीं असें सांगितलें आहे कीं, थोरल्या सारगनाच्या काळांत तें रीतसर व्यापारी बंदर होतें. पुढें तें संदन नांवाच्या राजाच्या ताब्यांत गेलें, तेव्हांपासून तेथील व्यापारास अडथळा झाला, आणि चुकून तेथें आलेलीं ग्रीक जहाजें पहाऱ्यांत भडोचला नेलीं जातात. सारगन हा कोणी तरी सातकर्णि, हें नांवावरूनच उघड आहे. संदन कोण याविषयीं विद्वानांत एकवाक्यता नाहीं. परंतु जहाजें भडोचला जात, आणि भडोच त्या काळीं पश्चिम क्षत्रपांचें बंदर होतें, इतकें पुरेसें आहे.

याच ग्रंथांत दुसरी एक नोंद आहे. पैठण भडोचच्या दक्षिणेस सुमारें वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तगर म्हणजे आजचें तेर त्याच्याही पूर्वेस दहा दिवसांवर. या दोन नगरांहून गोमेदासारखे खडे, साधें कापड आणि मलमल गाड्यांत घालून मोठमोठ्या वाटा नसलेल्या प्रदेशांतून भडोचला आणतात, असें तो खलाशी लिहितो. हीं दोन वाक्यें एकत्र वाचलीं म्हणजे एक संपूर्ण अर्थशास्त्र डोळ्यांपुढें उभें राहतें. पैठणचा माल कल्याणला यावयाचा तर जुन्नरपर्यंत पठार आणि नंतर एका दिवसाची खडी उतरण, एवढेंच काय तें संकट. कल्याण बंद झालें, तेव्हां तोच माल वीस दिवस आडरस्त्यानें गाड्यांतून खडखडत परक्याच्या बंदरास जाऊं लागला. लांबच्या ओबडधोबड रस्त्याचा खर्च व्यापाऱ्यानें सोसला आणि जकातीचा लाभ शत्रूच्या पदरांत पडला. कड्यावरची वाट जशीच्या तशी होती. तिच्या पायथ्यापलीकडचें बंदर गेलें, आणि वाट निरुपयोगी झाली.

क्षत्रपांनीं केवळ बंदरच अडविलें असें नाहीं; घाटाचा माथाही त्यांच्या हातीं गेला. जुन्नरच्या मानमोडी डोंगरांत महाक्षत्रप नहपान याचा अमात्य अयम याचा लेख आहे. त्यावर ४६ हें वर्ष दिलेलें आहे. म्हणजे सातवाहनांच्या घाटाच्या तोंडाशींच त्यांच्या वैऱ्याचा अमात्य बसला होता. आणि त्यानें दान काय दिलें? एक मंडप आणि एक पोढी. राज्य बदललें, तरी पाणी देण्याची रीत बदलली नाहीं. पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें नहपानाचा उच्छेद केला. त्याची साक्ष नाशिकच्या लेण्यांतील त्याच्या मातेचा लेख देतो, आणि त्याहूनही बोलकी साक्ष १९०६ सालीं नाशिक जिल्ह्यांतील जोगळटेंभी येथें सांपडलेला नाण्यांचा सांठा देतो. नहपानाचीं तेरा हजारांहून अधिक रुप्याचीं नाणीं त्यांत होतीं, आणि त्यांतील बहुतांश नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हा मारलेला होता. या युद्धाचें वर्णन आपण वंशाभिमानाच्या भाषेंत करतों. तें खोटें नाहीं. परंतु त्याच्या मुळाशीं कल्याण, जुन्नर आणि त्यांना जोडणारी ही खिंड यांचा ताबा होता, हें विसरल्यास युद्धाचें अर्धें कारण नजरेआड होतें.

यानंतर शतकानुशतकें घाट चालू राहिला. जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी या किल्ल्यांची सांखळी या वाटेच्या आसपास उभी आहे, ती उगीच नव्हे. ज्याचा किल्ला त्याची वाट आणि ज्याची वाट त्याची जकात, हा हिशेब सातवाहनांनंतरच्या राज्यकर्त्यांनाही कळत होता. या वाटेचें महत्त्व ज्यानें हिरावून घेतलें तो कोणी राजा नव्हता. तें चाक होतें. बैलाच्या पाठीवरच्या गोणीला चढण चालते, गाडीला चालत नाहीं. १८३० सालीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला आणि पुण्याचा माल चाकांवर उतरूं लागला. १८६३ सालीं बोरघाटांतून आणि १८६५ सालीं थळघाटांतून आगगाडी वर चढली. चाकाला लांब वळसा परवडतो, परंतु खडी चढण परवडत नाहीं; म्हणून दोन हजार वर्षें जो घाट जवळचा होता तो पन्नास वर्षांच्या आंत आडबाजूस पडला. जवळ आणि दूर हे शब्द अंतराचे नसून साधनाचे आहेत, हा धडा याहून स्पष्ट कोठें मिळेल?

येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आमच्यासारखा मनुष्य सुटीच्या दिवशीं काठी घेऊन घाट चढतो आणि जुन्या वाटांची थोरवी गातो, तेव्हां तो हें विसरतो कीं, खडी वाट रमणीय वाटते ती ज्यास ती रोज चढावी लागत नाहीं त्यास. ज्या पाठींवरून तो माल गेला त्यांचा लेख कोठेंही नाहीं. पायऱ्या खोदणाऱ्यांचीं नांवें नाहींत, हमालांचीं नाहींत, आणि बैलांचें दुःख तर कोण लिहील? आजही कड्याच्या दोन्ही बाजूंस डोंगराच्या कुशींत राहणाऱ्या महादेव कोळी, ठाकूर वगैरे लोकांस रस्ता हवा आहे, आणि तो त्यांस मिळालाच पाहिजे. आजारी माणसास झोळींत घालून डोंगर उतरविणें यांत कोणताही प्राचीन गौरव नाहीं. वाटेचा इतिहास जपणें आणि माणसांस वाटेच्या कष्टांत डांबून ठेवणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आज जुन्नरहून चावंडवरून घाटघरापर्यंत मोटार जाते आणि घाटाच्या माथ्याशीं नेऊन सोडते. पावसाळ्यांत तेथें मोठी गर्दी होते. कड्यावरून पडणारें पाणी खालून येणाऱ्या वाऱ्यानें उलट वर उडतें, तें पाहण्यासाठीं लोक दूरदूरहून येतात. तें दृश्य खरोखरच अपूर्व आहे, आणि पाहणाऱ्यांचा हेवा करण्याचें आम्हांस कारण नाहीं. परंतु जो माथ्यावर उतरतो, रांजणाजवळ उभा राहतो, चार पायऱ्या उतरून लेण्यांत डोकावतो आणि परत मोटारींत बसतो, त्याच्या दृष्टीनें नाणेघाट ही डोंगराच्या कडेची एक मौजेची जागा होते. वाट होत नाहीं. वाट म्हणजे कोठून तरी कोठें तरी जाणें. तिच्यावरचें लेणें विसाव्यासाठीं आहे हें ज्यास विसावा लागला नाहीं त्यास कसें कळावें? पोढीचें मोल ज्यास तहान लागली नाहीं त्यास कसें कळावें? लेख भिंतीवर तसाच राहील. परंतु तो तेथें कां आहे याचें उत्तर त्या चढणींत आहे, आणि चढण विसरली गेली कीं उत्तरही विसरलें जाईल.

म्हणून आमची सूचना दोन प्रकारची आहे. पहिली, ज्यांच्याकडे अशा स्थळांचें रक्षण आहे त्यांच्यासाठीं. लेणें तेवढें स्मारक आणि वाट म्हणजे केवळ तेथवर जाण्याचें साधन, अशी दृष्टि ठेवूं नये. वैशाखऱ्याच्या रानापासून घाटघराच्या पठारापर्यंतच्या पायऱ्या, फरसबंदी, टाकीं आणि रांजण हें सर्व मिळून एक स्मारक आहे. पायरीचा एक दगड निखळला तरी लेखाचें एक अक्षर झिजल्याइतकीच हानि समजावी. लेण्याची डागडुजी करणारे हात पायऱ्यांपर्यंतही पोहोंचले पाहिजेत. दुसरी सूचना शिक्षकांसाठीं. सातवाहनांचा धडा शिकवितांना वंशावळ पाठ करून घेण्यापूर्वीं विद्यार्थ्यांपुढें नकाशा ठेवावा, कल्याण आणि पैठण या दोन ठिकाणांवर बोट ठेवावें, आणि मधला तट कसा ओलांडाल असें विचारावें. मुलें वाट शोधूं लागतील, आणि ती शोधतां शोधतां नागनिका, गोविंददास, नहपान आणि गौतमीपुत्र त्यांना आपोआप भेटतील.

शक्य असेल त्यांनीं मात्र नकाशावर थांबूं नये. हिवाळ्यांतील एखादा दिवस निवडावा, पाण्याची बाटली जवळ ठेवावी, आणि माथ्यावरून डोकावण्याऐवजीं खालून चढावें. सोपाऱ्याचा गोविंददास याच बाजूनें वर आला असला पाहिजे, आणि ज्यांच्यासाठीं त्यानें टाकें खोदविलें तेही बहुतेक याच बाजूनें धापा टाकीत येत होते.